पट्ट्या, नट-बोल्ट आणि गुलाबी खोका

आमच्या लहानपणी खेळण्यांची वाटणी कुणी करत नसे. ती झालेलीच असे. भातुकली मुलींची, मेकॅनो मुलांचं. मुंबईचे काका सांगलीला आले की दादासाठी मेकॅनोचा खोका आणत आणि कोकणातली आत्या माझ्यासाठी सावंतवाडीची रंगीत लाकडी भातुकली. मला त्यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. भातुकली देखणीच होती. जातं फिरायचं, पाट्यावर वरवंटा बसायचा, लाटणं अगदी बोटाएवढं. तिच्याशी खेळताना मी तासन्‌तास बोलत असे. पाहुणे येत, लग्नं लागत, रुसवेफुगवे होत. मी जे काही घडवत होते ते गोष्टीत घडवत होते. वस्तू आधीच पुरी झालेली होती. जात्याचं जातंच राहणार, त्याचं दुसरं काही होणार नाही.

मेकॅनोचा खोका उघडला की पुरं झालेलं काहीच हाती लागत नसे. भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, काही लांब, काही आखूड. हिरवे-लाल पत्रे, चाकं, आस, कप्पी, एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि कागदाच्या पुडीत नट-बोल्ट. त्यांतून क्रेन व्हायची, मालगाडीचा डबा व्हायचा आणि रात्री सगळं सोडवून पुन्हा पट्ट्याच. माझी शाळा सकाळची, दादाची दुपारची, त्यामुळे दुपारभर तो खोका माझा. ‘घेऊ नकोस’ असं कुणी म्हटलं नाही, ‘घे’ असंही कुणी म्हटलं नाही. मी पूल करत असे. कृष्णेच्या पुराची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात हे सांगलीच्या मुलांना फार लवकर कळतं. पूल उभा कसा राहतो हा प्रश्न मला पडणं साहजिक होतं. चार पट्ट्यांचा चौकोन केला की बोल्ट कितीही आवळा, तो डगडगतो, तिरका होतो. त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक पट्टी टाकली की जागच्या जागी ताठ. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पुढे मी स्वतः ट्रस, म्हणजे पुलाची त्रिकोणांनी बांधलेली चौकट, शिकवायला लागले तेव्हा सुरुवात याच चौकोनापासून करत गेले.

दिवाळीचा किल्ला या वाटणीत बसत नसे. त्यात मुलं-मुली दोघंही असत. पण नीट आठवलं तर कामं तिथेही वेगळी होती. माती कालवणं, तिच्यात गोणपाट भिजवणं, दगड-विटांच्या रचनेवर ते चढत्या उताराने अंथरणं, वर मोहरी-अळीव पेरणं हे मुलींकडे. तोफा कुठे आणि मावळे कुठे हे मुलगे ठरवत. बुरूज पावसाच्या एखाद्या सरीतही टिकतो की बसतो हे सारं त्या गोणपाटाच्या ताणावर आणि खालच्या रचनेवर अवलंबून असे. ते काम आम्ही करत होतो. त्याला बांधकाम मात्र कुणी म्हणत नव्हतं, आणि त्यात आम्हीही आलो.

मेकॅनोचा इतिहास मी फार नंतर वाचला. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी आपल्या मुलांसाठी पत्र्याच्या पट्ट्या कापून, त्यांना सारख्या अंतरावर भोकं पाडून क्रेन तयार केली. 1901 मध्ये त्यांनी पेटंट घेतलं, 1907 मध्ये त्या खेळण्याला मेकॅनो हे नाव मिळालं. सगळी युक्ती त्या अर्ध्या इंचाच्या अंतरात आहे. अंतर ठरलेलं असल्यामुळे कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला बसते, आणि म्हणूनच आज ट्रकची असलेली पट्टी उद्या पुलाची होते. 1934 मध्ये मँचेस्टरला डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोचेच भाग वापरून कलनाची समीकरणं सोडवणारं यंत्र उभं केलं, इतकं ते खेळणं खरं होतं. पण खोक्यावर चित्र मुलग्याचं, जाहिरातीत हाक मुलग्यांना. 1930च्या दशकात त्याच कंपनीने डॉली व्हार्डन नावाचं बाहुलीचं घर बाजारात आणलं. मुलग्याने पट्ट्यांतून पूल उभारायचा आणि मुलीने घर सजवायचं, ही वाटणी आमच्या वाड्यात जन्मली नव्हती. ती लिव्हरपूलच्या कारखान्यातही होती.

या वाटणीची किंमत मला वर्गात दिसली. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि नंतर अनेक वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवलं. पहिल्या वर्षाला हा विषय मुलांना घाम फोडतो. एक ठोकळा दिलेला असतो. त्याचा प्लॅन काढा, एलेव्हेशन काढा, मधून कापला तर सेक्शन कसा दिसेल ते काढा. ज्याला ठोकळा मनात फिरवता येतो त्याला हे सोपं जातं. ज्याला येत नाही तो मिनी ड्राफ्टर सरकवत बसतो आणि शेजारच्याच्या शीटकडे बघतो. अडखळणाऱ्यांत मुली जास्त असत. स्टाफरूममध्ये मी ऐकलं आहे, ‘मुलींना थ्री-डी दिसतच नाही, त्यांचं पाठांतर चांगलं असतं.’ मला हे ऐकवत नसे, कारण मी मुलगी होते आणि मला दिसत होतं. माझ्यात आणि त्या मुलींमध्ये बुद्धीचा फरक नव्हता. दुपारभर मोकळेपणी मिळालेल्या त्या खोक्याचा होता.

अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात शेरिल सोर्बी यांनी नेमक्या याच गोष्टीवर काम केलं, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. त्या स्वतः इंजिनीअर, आणि विद्यार्थी असताना ड्रॉइंगनेच त्यांना सर्वांत जास्त छळलं होतं. 1993 पासून त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांची वस्तू मनात फिरवण्याची चाचणी घ्यायला सुरुवात केली. तीत नापास होणाऱ्यांत मुलींचं प्रमाण मुलग्यांच्या कितीतरी पट होतं. लहानपणी जोडणीच्या खेळण्यांशी खेळलेली मुलं या चाचणीत पुढे होती. मग त्यांनी नापास झालेल्यांसाठी एक छोटा अभ्यासक्रम चालवला : ठोकळे हातात घ्यायचे, फिरवायचे, त्यांची चित्रं काढायची. गुण वाढले, आणि इंजिनीअरिंग सोडून जाणाऱ्या मुलीही कमी झाल्या. म्हणजे जे जन्मजात समजलं जात होतं ते सरावाने येणारं होतं. ज्यांना तो सराव खेळण्यांतून मिळाला नाही, त्यांना तो अठराव्या वर्षी बाकावर बसून करावा लागत होता.

मी साबण वापरत असे. स्वस्तातली साबणाची वडी आणायची, सुरीने खाच पाडायची, मधून कापायची आणि कापलेला भाग कागदावर ठेवून बघायचा. पण त्याहून मोठा धडा मला एका विद्यार्थिनीने दिला. ती शिंपीकाम करणाऱ्या घरातली होती. ऑर्थोग्राफिकमध्ये, म्हणजे प्लॅन-एलेव्हेशन काढताना, तिची रोज दमछाक व्हायची. मग ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’ आलं, म्हणजे शंकू किंवा नळकांडं उलगडून सपाट पत्र्यावर मांडायचं, आणि त्या दिवशी वर्गात सगळ्यांत आधी तिची शीट पुरी झाली. मी विचारलं, तर म्हणाली, ‘मॅडम, ही तर बाही आहे.’ खरंच होतं. सपाट कापडातून दंडावर बसणारी बाही बेतायची, कटोरी ब्लाउजच्या कळ्या कापायच्या, म्हणजे उलगडलेला पृष्ठभाग मनात मिटून बघायचा. तिला थ्री-डी चांगलंच दिसत होतं; ज्या भाषेत दिसत होतं ती भाषा आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हती. त्यानंतर मी वर्गात मोदकाच्या पारीच्या कळ्या, स्वेटरची विणकामातली घट, ठिपक्यांच्या कागदावरची रांगोळी हे सगळं आणत गेले. ठिपक्यांची रांगोळी काढणारीला आयसोमेट्रिक ग्रिड परकं वाटत नाही.

म्हणून मुलींच्या खेळांना बांधणीशी काही देणंघेणं नाही असं कुणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही. बांधणी त्यांत होती, फक्त तिला कुणी तसं ओळखत नव्हतं. आणि ती वस्तूच्या रचनेपर्यंत, सांध्यापर्यंत, आस आणि चाकापर्यंत पोचत नव्हती, हेही खरं.

शकुंतला भगत यांचं नाव मी माझ्या प्रत्येक वर्गात सांगत असे. पूलबांधणीतले नामवंत अभियंते एस. बी. जोशी यांची ही मुलगी 1953 मध्ये मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून सिव्हिल इंजिनीअर झाली. पुढे आय.आय.टी. मुंबईत शिकवलं, आणि पती अनिरुद्ध भगत यांच्याबरोबर क्वाड्रिकॉन नावाची पुलांची पद्धत विकसित केली. तिच्यातली कल्पना मला फार जवळची वाटते : कारखान्यात ठरावीक मापाचे पोलादी भाग तयार करायचे आणि जागेवर नेऊन ते जोडून हव्या त्या लांबीचा पूल उभा करायचा. 1972 मध्ये हिमाचल प्रदेशातल्या स्पितीच्या डोंगरांत असे पूल उभे राहिले, जिथे अवजड यंत्रसामग्री नेणं कठीण. ठरलेली मापं, अदलाबदल करता येणारे भाग, हवी तशी जोडणी. हे ज्या खेळण्याचं तत्त्व, ते खेळणं आपण मुलग्यांसाठी म्हणून विकत होतो. आणि हिमालयात त्याच तत्त्वावरचा पूल एका मराठी बाईने उभा केला होता.

माझी मुलगी लहान होती तेव्हा बाजारात प्लॅस्टिकचे ठोकळे आले होते, लाल, पिवळे, निळे, आणि त्यांवर मुलगा-मुलगी असा शिक्का नव्हता. पण तिचं खरं खेळणं निघालं काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. अरविंद गुप्ता यांची ही करामत. आय.आय.टी. कानपूरचा हा इंजिनीअर मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या खेडेगावातल्या शाळांमध्ये गेला आणि कचऱ्यातून विज्ञानाची खेळणी करत राहिला. पुढे पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात त्यांनी हजारो मुलांना ती करायला लावली. व्हॉल्व्ह ट्यूबचा बोटभर तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांत काडी खुपसायची, झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण ताठ, चार काड्यांचा चौकोन डगडगता. तोच माझा मेकॅनोतला धडा, आता काही पैशांत. माझ्या मुलीने घुमट केले, मनोरे केले. त्या खेळण्याला खोका नव्हता, त्यामुळे खोक्यावर कुणाचं चित्र असा प्रश्नच नव्हता.

प्रश्न पुन्हा समोर आला तो दादाच्या नातीमुळे. ती न्यू जर्सीत वाढली. मी तिच्याकडे गेले तेव्हा तिच्या खोलीत जांभळ्या-गुलाबी खोक्यांची रांग होती : लेगो फ्रेंड्स. डेन्मार्कच्या बिलुंड गावातल्या या कंपनीने 1958 मध्ये एकमेकींत घट्ट बसणाऱ्या विटांचं पेटंट घेतलं. 1981च्या तिच्या एका गाजलेल्या जाहिरातीत साधी जीन्स घातलेली एक मुलगी आहे, हातात स्वतः बांधलेलं काहीतरी वेडंवाकडं, चेहऱ्यावर अभिमान. खोका कुठल्या रंगाचा याचा त्यात मागमूस नाही. मग पुढच्या दशकांत विटांची जागा अवकाशयुद्धं, शहराचे पोलीस, चाचे अशा संचांनी घेतली आणि मुली दुकानाच्या त्या रांगेतून हळूहळू बाहेर पडल्या. त्यांना परत आणायला कंपनीने काही वर्षं मुलींच्या खेळाचं निरीक्षण केलं आणि 2012च्या सुरुवातीला फ्रेंड्स आणलं : हार्टलेक नावाचं गाव, पाच मैत्रिणी, नेहमीच्या चौकोनी माणसांऐवजी सडपातळ बाहुल्या. कॅफे, ब्युटी पार्लर, पशुवैद्याचा दवाखाना. आणि हे विसरायला नको, त्याच पहिल्या वर्षी ऑलिव्हिया या मुलीची शोधशाळाही होती.

अमेरिकेत गदारोळ झाला. पन्नास हजारांहून जास्त लोकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. त्यांची तक्रार मला पटते. मुलग्यांच्या संचातली माणसं आगी विझवतात, अंतराळात जातात. मुलींच्या संचातल्या बाहुल्या केस सेट करतात. त्या बाहुलीचे दोन्ही पाय एकत्रच हलतात आणि मनगट फिरत नाही. जुना चौकोनी माणूस एक पाय पुढे टाकू शकतो, हातातली वस्तू वळवू शकतो. बारीकसा फरक आहे, पण मी आयुष्यभर सांधेच शिकवले, मला तो बोचतो. बाहुली अधिक सुंदर करताना तिची हालचाल कमी झाली.

तरीही त्या खोलीत मी जे पाहिलं ते दुसऱ्या बाजूने बोलतं. दादाच्या नातीने ते ब्युटी पार्लर चित्राबरहुकूम उभं केलं, दोन दिवस त्यात खेळली आणि मग भिंती उचकटल्या. भावाच्या पोलीस चौकीतल्या करड्या विटा आणल्या, जांभळ्या विटांवर चढवल्या आणि घोड्यांचं इस्पितळ बांधायला घेतलं. छप्पर टिकेना, म्हणून मधे खांब घातला. खांबामुळे घोडा आत जाईना, म्हणून तुळई लांब केली आणि तिची टोकं दोन्हीकडच्या भिंतींत खोल बसवली. ती सहा वर्षांची होती आणि मी तिला एक शब्दही सांगितला नव्हता. घोड्यासाठी तिने स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, वाढवला होता. घोड्याची गोष्ट नसती तर ती तुळईपर्यंत पोचली नसती. आणि विटेचं माप बदललेलं असतं, गुलाबी वीट करड्या विटेवर बसलीच नसती, तर गोष्ट असूनही पोचली नसती.

माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. मुलींसाठी म्हणून काढलेल्या जोडणीच्या खेळण्यात गोष्ट असते, आतली खोली असते, माणसं असतात, याला माझा विरोध नाही. उलट ती मेकॅनोत कधीच नव्हती, आणि कितीतरी मुलगेही त्यामुळे कंटाळून खोका बाजूला टाकत. दोष तेव्हा येतो, जेव्हा गोष्टीच्या बदल्यात बांधणी काढून घेतली जाते. आपल्याकडच्या दुकानांत मी असे संच पाहिले आहेत : खोक्यावर राजवाडा, आत सहा-सात मोठे तयार भाग. ते जोडले की राजवाडा झाला, आणि त्यातून राजवाड्याशिवाय दुसरं काही होऊ शकत नाही. मुलगी एका दुपारी ते पुरं करते आणि मग ते फडताळात जातं. ते जोडणीचं खेळणं नाही. ती सहा-सात तुकड्यांत विकलेली भातुकली आहे, आणि सावंतवाडीच्या कारागिराचं कसबही तिच्यात नाही.

उलट टोकाची उदाहरणंही आहेत. स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या डेबी स्टर्लिंग यांनी 2012 मध्ये गोल्डीब्लॉक्स काढलं. मुलींना वाचायला आवडतं, तेव्हा गोष्टीचं पुस्तक आणि चाकं, आस, फीत एकत्र द्यायची. गोष्टीतली गोल्डी यंत्र बांधते, वाचणारीनेही बांधायचं. हेतू उत्तम. फक्त गोष्ट एकाच यंत्राकडे बोट दाखवत राहते, आणि पुस्तक संपलं की मुलीला तिच्या स्वतःच्या यंत्राकडे ढकलणारं काही उरत नाही. त्याच वर्षी ॲलिस ब्रुक्स आणि बेटिना चेन या दोन इंजिनीअर मुलींनी रूमिनेट आणलं. ॲलिसने लहानपणी बार्बी मागितली होती आणि वडिलांनी तिला करवत दिली, ही तिची सांगण्याची गोष्ट. रूमिनेट म्हणजे बाहुलीचं घर, पण भिंती आपण उभ्या करायच्या, पंख्याला मोटर जोडायची, बटण आणि तारा आपण ओढायच्या. मला निवडायचं झालं तर मी हेच निवडीन. रंग कुठलाही असो, आत मंडल पुरं केल्याशिवाय दिवा लागत नाही.

एक तोटा मात्र कितीही चांगल्या संचाने भरून निघत नाही. ‘मुलींसाठी’ असा वेगळा कप्पा झाला की बाकीचा सगळा कप्पा आपोआप मुलग्यांचा होतो. हे मला सगळ्यांत जास्त सलतं. जांभळ्या रांगेत वाढलेली मुलगी गिअर आणि कप्प्यांच्या रांगेकडे वळतच नाही, कारण ती आपली नाही हे तिला खोक्यानेच सांगितलेलं असतं. आणि मुलग्यालाही घोड्यांचं इस्पितळ बांधायचं असतं, कॅफे चालवायचा असतो. तो गुलाबी रांगेपाशी थांबला तर त्याला हात धरून पुढे नेतात. लेगोने 2021 मध्ये जाहीर केलं की आपल्या खेळण्यांतून मुलगा-मुलगी हे ठोकळेबाज साचे काढण्यासाठी आपण काम करू. चांगलं झालं. त्याआधी 2014 मध्ये एका डच भूरसायनशास्त्रज्ञ बाईंच्या सूचनेवरून प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञ स्त्रियांचा छोटा संच निघाला होता, तो हातोहात संपला. 2017 मध्ये नासातल्या स्त्रियांचाही आला. मागणी होती, इतकाच त्याचा अर्थ.

आता नातवंडांसाठी खेळणी घ्यायला मी पुण्यातल्या दुकानात जाते. दुकानदार आपुलकीने विचारतो, ‘आजी, मुलगा आहे की मुलगी?’ मी वय सांगते, आणि खोका उघडून दाखवायला सांगते. भाग किती प्रकारचे आहेत, एकमेकांत कुठेही बसतात का, चाक आणि आस आहे का, चित्रातली वस्तू झाल्यावर दुसरं काय होऊ शकेल, एवढं बघते. गुलाबी असेल आणि या कसोटीला उतरलं, तर नातवासाठीही तेच घेते.

तुम्हीही वाढदिवसाला खेळणं घ्यायला जाल तेव्हा एवढं करा. तुम्हाला कुठल्या रांगेकडे पाठवलं जातं याकडे लक्ष देऊ नका, दोन्ही रांगा बघा. आणि घरात मुलगा आणि मुलगी दोघं असतील, तर दोघांचे खोके एकाच टोपलीत ओता.